तिनेकेच्या भिंतीवर ललिताबाई

"हिला गुडघे नाहीत," तिनेके म्हणाली आणि चित्र माझ्याकडे परत सरकवलं.

माझ्या कडेवर प्रितम, त्याच्या तोंडात माझ्या ओढणीचं टोक. वर गॅसवर वरणभाताचा कुकर लावून आलेले. आणि ही बाई चष्मा कपाळावर चढवून मला गुडघ्यांबद्दल सांगत होती.

"लुगडं घोट्यापर्यंत आहे. गुडघे दिसणार कुठून?" मी विचारलं.

"दिसायला नकोतच. पण असायला हवेत. ही आजी आयुष्यात कधी जमिनीवरून उठलेली नाही. भेटकार्डावरची आजी आहे ही."

कितवं चित्र होतं ते, मोजणं मी सोडून दिलं होतं. आधी नाक चुकलं होतं, मग हात, मग "ही आजी फार चांगली आहे, मला तिचा कंटाळा येतो." आता गुडघे. चित्र उचललं, प्रितमला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि जिना चढायला लागले. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद असायची. वॉचमन रोज म्हणायचा, "बुकरा, इन्शाल्ला." म्हणजे उद्या. तो उद्या मी अजून पाहिलेला नाही.

तिनेके रोसडॉर्प अल् घुब्रातल्या आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायची, आम्ही तिसऱ्यावर. वय सत्तरीला टेकलेलं, डोकं दाराच्या चौकटीला. मस्कतच्या उन्हात सायकलवरून भाजी आणायला जायची आणि टॅक्सीवाल्यांनी हॉर्न वाजवला की त्यांना हात करायची. हॉलंडमध्ये दोन पिढ्या हिची पुस्तकं वाचत मोठ्या झाल्या, हे मला तिच्या मुलानं सांगितलं. तो इथे तेल कंपनीत. ती स्वतः सांगणं शक्य नव्हतं. तिच्या लेखी स्वतःचं कौतुक सांगणं म्हणजे चारचौघांत ढेकर देणं. मुलाकडे का राहत नाही म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "एका स्वयंपाकघरात दोन बायका? मी गोष्टी लिहिते, युद्धं नाही."

तिची हकिकत मला तुकड्यातुकड्यांत कळली. वडील कालव्यावरचं पाण्याचं दार सांभाळायचे. बोट आली की एक दार उघडायचं, पाणी सारखं झालं की पुढचं. खिडकीसमोर एक बगळा रोज त्याच जागी उभा राहायचा, जशी काही त्याचीच ड्युटी. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात खायला काही राहिलं नाही, लोकांनी ट्यूलिपचे कांदे उकडून खाल्ले. तेव्हा ती धाकट्या भावाला सांगायची, गप्प बस, बगळा आज पावाची बोट सोडणार आहे. चौदा-पंधरा वर्षांची पोर. भाऊ ऐकता ऐकता झोपायचा. पुढे ती शाळामास्तरीण झाली, वर्गातल्या पोरांना तोच बगळा सांगायला लागली, आणि त्याचं पुस्तक झालं. मग दुसरं. मग कपाटभर. कालव्याचा दरवान बगळा, मिस्टर स्तोक. चित्रं सगळी बाउके नावाच्या माणसानं काढलेली. त्याच्याशी तीस वर्षं ती फोनवर भांडली. चोच लांब झाली, पाणी फार निळं झालं, स्तोक आज उदास का दिसतोय. नवरा पाण्याचा इंजिनिअर. डोंगरातून गावापर्यंत पाणी आणणारे इथले जुने पाट असतात ना, फलज, त्यांचा अभ्यास करायला ओमानात आला आणि त्याच्याबरोबर ही. निम्मी पुस्तकं तिनं इथेच लिहिली. नवरा गेला तरी दर हिवाळ्याला येत राहिली, कारण इथे तिचे गुडघे दुखत नाहीत.

गुडघ्यांचा एवढा सोस का, ते मला फार उशिरा कळलं.

बाउके गेला आणि तिचं लिहिणं थांबलं. काही वर्षं एक ओळ नाही. मग आमच्या श्वेतानं एके दिवशी जिन्यात तिला डब्यातला पेपर नॅपकिन दाखवला. शाळेच्या डब्यात मी रोज एखादं चित्र काढून टाकायचे. पोळी संपवली तरच खालचा कावळा दिसतो, असं आमचं ठरलेलं. अर्ध्या तासात तिनेके आमच्या दारात उभी, दम लागलेली. "हा कावळा कोणी काढला? हा विचार करतोय."

माझा औरंगाबादच्या आर्ट कॉलेजचा डिप्लोमा कपाटात कपड्यांच्या खाली. पासपोर्टवर फॅमिली व्हिसा, नोकरीला मनाई. लग्नानंतर मी काय काढलं? शाळेचे चार्ट, चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाचे बॅनर, आणि नॅपकिनवरचे कावळे. आणि ही म्हणत होती, नवी गोष्ट सुचली आहे, चित्रं तू काढ. म्हाताऱ्या स्तोकला डॉक्टर सांगतो, गरम हवेत जा. तो उडत उडत ओमानात येतो, फलजच्या काठावर उतरतो. तिथे त्याला एक आजी भेटते, मुलाकडे राहायला विमानातून आलेली. मुलगा ऑफिसला, नात शाळेत. दोघं दिवसभर वाट बघतात.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी ती नमुन्याची चित्रं घेऊन हॉलंडला जाणार होती. प्रकाशकाला पटली तर पुस्तक माझं. तिच्या नावाखाली माझं नाव: रश्मी पगारे. नाही पटली तर दुसरा चित्रकार शोधतील, तिकडे काय कमी आहेत! बगळा मला जमला होता. फलज जमला होता. आजी जमत नव्हती.

आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या आजी आल्या. माझ्या नवऱ्याच्या, लोकेशच्या आई, ललिताबाई, मनमाडहून. ज्वारीचं पीठ, काळा मसाला, आणि इथे मिळतो हे दहादा सांगूनही लसूण.

"माणसंच दिसत नाहीत गं रश्मी इथं. नुसत्या गाड्या." दुसऱ्याच दिवशी गॅलरीत उभ्या राहून म्हणाल्या. "खाली ती लांबडी गोरी कोण? एकलीच ऱ्हाते का? मी जाऊन बसते तिच्यापाशी."

"आई, असं जाता येत नाही. वेळ घ्यावी लागते."

"खाली तर ऱ्हाते! वेळ कशाची?"

मी खाली गेले. तिनेकेनं डायरी उघडली. दिवसभर घरात एकटी असणारी बाई पानं उलटून म्हणाली, "बुधवारी साडेतीनला?" वर येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "बुधवारपर्यंत मी मेले तर?"

बुधवारी साडेतीनला आम्ही चौघी-पाच जण, म्हणजे प्रितम धरून, तिच्या टेबलाशी बसलो. तिनेकेनं चहा दिला, पत्र्याचा डबा उघडला, प्रत्येकापुढे फिरवला, एक एक बिस्कीट, आणि डबा बंद. झाकण दाबून बंद. सासूबाईंनी त्या झाकणाकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी जन्मात विसरणार नाही.

"दुसरं इचारलं पण नाही," त्या मला मराठीत म्हणाल्या, तोंडावर हसू ठेवून.

"त्यांच्यात तसंच असतं, आई."

मग तिनेकेनं वाढदिवस विचारले. तिला माणसाचं नाव कळलं की लगेच वाढदिवस लागतो. श्वेता दुभाषी झाली. "आजी, she's asking, तुझा बर्थडे कधी असतो?"

"एक जून."

"आणि लोकेशचा?"

"त्याचा पण एक जून," सासूबाई म्हणाल्या.

तिनेकेनं माझ्याकडे पाहिलं. "आई आणि मुलगा एकाच दिवशी? किती छान! आणि आजोबा?"

आता काय सांगू? "ते पण एक जून," मी म्हटलं.

तिची पेन्सिल हवेतच राहिली. मी समजावून सांगितलं. गावाकडे जन्माची तारीख कोणी लिहून ठेवत नसे. पोराला शाळेत घातलं की मास्तरच तारीख टाकायचे. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून एक जून. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस एक जूनला असतो. लोकेश तर शहरातल्या दवाखान्यात जन्मलेला, पण मास्तरांना सवय.

"मग खरा कधी?" तिनेके सोडणारी नव्हती. "तिच्या आईनं काहीतरी सांगितलं असेल."

सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. ही गोष्ट त्यांना सांगायला आवडते. "माझा बाप येवल्याला गेलेला. सभेला. बाबासाहेब धर्म सोडायचं बोलले ना, ती सभा. मनमाडहून चालत गेले सगळे. रातच्याला परत आला, साऱ्या वस्तीला सांगत सांगत. घरात पाऊल टाकतो तर मी झालेली! माय म्हणायची, तुझ्या बापानं तुला नंतर बघितलं. आधी घंटाभर सभाच सांगत बसला."

मी इंग्रजीत सांगितलं. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं. त्या सभेची तारीख आमच्यातलं शाळकरी पोरही सांगेल. तेरा ऑक्टोबर, एकोणीसशे पस्तीस. सासूबाईंची ही गोष्ट मी लग्नापासून ऐकत होते, लोकेश तर पाळण्यापासून. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवायचं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं.

"तेरा ऑक्टोबर," तिनेके हळूच म्हणाली. "ललिता, तुझा वाढदिवस तेरा ऑक्टोबर."

सासूबाईंना ते इंग्रजीतच कळलं. त्यांनी पदर नीट केला.

तिनेके उठली, श्वेताच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हणाली, "चल, आजीचं नाव तुझ्या भाषेत लिहायचं. मी माझी माणसं जिथे ठेवते तिथे." दोघी आत गेल्या. श्वेता बाहेर आली ती तोंडावर हात दाबून हसत. नुकतीच आजीकडून मुळाक्षरं शिकत होती, त्याचंच हसू आलं असेल, असं मी समजले. मुलांना कशाचंही हसू येतं.

"कुठं लिवलं गं?"

"कॅलेंडरमध्ये, आजी."

त्या आठवड्यात मला आजी सापडायला लागली. सासूबाई रोज प्रितम झोपल्यावर माझ्यासमोर सतरंजीवर बसायच्या, लसूण सोलायच्या, मी काढायचे. उठताना डावा हात गुडघ्यावर, उजवा जमिनीवर, तोंडात "आई गं." काय सुंदर उठायच्या! मी त्यांना चार-चारदा उठायला लावलं. "चित्र काढती का सूड उगवती?" त्या म्हणायच्या, पण उठायच्या. कच्ची चित्रं तिनेकेला दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आता कोणीतरी आहे." बाउकेलाही ती एवढं कधी म्हणाली नव्हती, असं तिचा मुलगा नंतर म्हणाला. एक मोठं चित्र उरलं होतं, पुस्तकाच्या मधल्या दोन पानांचं. आजी आणि बगळा समोरासमोर. ते काढायचं आणि झालं.

पुढच्या बुधवारी परत साडेतीन. परत एक बिस्कीट. पण चहा दोनदा झाला, आणि सासूबाई, ज्या परक्या घरात कधी बाथरूमला जात नाहीत, त्या श्वेताला विचारून आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा चेहरा बंद झाला होता. कोणाकडे न बघता चपला घातल्या आणि निघाल्या. मी मागोमाग. गुडघे दुखतात म्हणून प्रत्येक मजल्यावर थांबणारी बाई तीन मजले न थांबता चढली.

"आई, झालं काय?"

"संडासात लावलंय माझं नाव."

मी श्वेताकडे बघितलं. श्वेता रडायच्या बेतात. "It's the birthday calendar, मम्मी. तिकडेच असतं. All her people are there."

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. मी धावत खाली गेले, डोळ्यांनी बघितलं. कमोडसमोरच्या भिंतीवर, बसल्यावर बरोब्बर डोळ्यांसमोर येईल असं, लांबट कॅलेंडर. वार नाहीत, साल नाही, नुसत्या तारखा. प्रत्येक महिन्यावर बाउकेनं काढलेला बगळा. आणि ऑक्टोबरच्या पानावर, तेरासमोर, वेड्यावाकड्या पेन्सिलीनं: ललिता. वेलांटी उलटी काढून खोडलेली.

"सगळ्या डच घरांत तिथेच असतं," तिनेके माझ्या मागे उभी राहून म्हणाली. काय बिघडलं ते तिला कळत नव्हतं. "रोज बसावंच लागतं ना. मग कोणाचा वाढदिवस विसरत नाही."

हे मी वर जाऊन कसं सांगायचं?

संध्याकाळी लोकेश ऑफिसातून आला. त्यानं टाय सोडता सोडता सगळं ऐकलं आणि नेहमीसारखा समजूतदारपणा केला. "आई, तिला काय माहीत गं. त्यांच्यात पद्धत आहे तशी."

"पद्धत!" सासूबाई पोळी लाटत होत्या, लाटणं तसंच हातात. "माझी माय रेल्वेच्या साहेबांच्या बंगल्यांवर संडास धुवायची. बंगल्याला मागून निराळा जिना. त्यानंच चढायचं, त्यानंच उतरायचं. मी लहान, तिच्यासंगं जायची. पुढच्या दारानं का नाही म्हणून इचारलं एकदा, तर मेमसाहेब हसून काय बोलली? पद्धत आहे. इमानात बसून आले मी, लोकेश. तुझ्या पैशानं, खिडकीपाशी बसून. आन् नाव लिवलं ते तिथंच?"

लोकेश टाय हातात घेऊन उभा राहिला. पोळी तव्यावर जळली.

"मी आता बसायची नाही चित्राला," त्या मला म्हणाल्या. "तुझ्यावर राग नाही माझा. पण नाही."

झालं! शुक्रवार पुढ्यात, मधलं पान कोरं. मी आठवणीनं काढायला बसले. प्रितम झोपला की, श्वेता शाळेत गेली की, भात शिजेपर्यंत. गुडघे परत गायब. पेन्सिलही माझ्यावर रुसल्यासारखी.

खाली गेले. तिनेकेला जिन्याची, मेमसाहेबाची गोष्ट सांगितली. ती ऐकताना पांढरी पडली. मग खोडरबर घेऊन उठली. "मी आत्ता पुसते."

वर येऊन मोठ्या आशेनं सांगितलं, "आई, ती नाव पुसून टाकते आहे."

"पुसती?" सासूबाईंचा आवाज चढला. "कुणाच्या हुकमानं? पासपोर्टावर खोटी तारीख, रेशनकार्डावर खोटी. खरी तारीख साऱ्या जगात एका ठिकाणी लिवली, ती पण पुसती?"

परत खाली. "पुसू नका." तिनेकेचा हात भिंतीजवळ, रबर टेकलेलं. "मग कॅलेंडर बाहेर लावा, हॉलमध्ये. एवढंच करा ना!"

"नाही," ती म्हणाली. तीही तेवढीच हट्टी. "हॉलमध्ये लावलं की ते पाहुण्यांसाठी होतं. माझ्या आईचं पण तिथेच असायचं. ह्यात माझा नवरा आहे. बाउके आहे. मी त्यांना दाखवायला ठेवलेलं नाही, रश्मी. मी रोज भेटते त्यांना."

म्हणजे पुसायचं नाही, ठेवायचं नाही, हलवायचं नाही. दोन म्हाताऱ्या, दोघींचं खरं, आणि मधल्या जिन्यात मी, कडेवर दात येणारं पोर. मला वाटलं, इथेच पायरीवर बसून भोकाड पसरावं. कोणीतरी माझं पण ऐका! मी वर्षानुवर्षांनी एक गोष्ट स्वतःसाठी मागते आहे, आणि ती ह्या दोघींच्या गुडघ्यांत अडकली आहे. प्रितमनं माझ्या गालाला लाळ पुसली. तो हसत होता. त्याच्या हसण्यावर रागावता येईना, याचाही राग आला.

तिनेके निघायच्या आदल्या दिवशी गुरुवार, म्हणजे इथली साप्ताहिक सुट्टी. दुपारी तिनेकेची झोपायची वेळ असते, दारावर डचमध्ये तशी पाटीच असते. मी प्रितमला भरवत होते. बघते तर सासूबाई चपला घालून निघालेल्या, श्वेताचा हात धरून.

"आई, आता नका जाऊ! ती झोपली असेल! वेळ..."

"तिची येळ तिच्यापाशी."

वाटी तशीच टाकून मी मागे धावले. तोवर दार वाजवून झालं होतं. तिनेके विस्कटलेल्या केसांनी, अनवाणी, दारात. सासूबाई तिच्या बाजूनं आत शिरल्या, सरळ बाथरूममध्ये, आणि भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून घेऊन बाहेर आल्या. टेबलावर ठेवलं. खुर्ची ओढली.

"बस," त्या तिनेकेला म्हणाल्या. तिनेके बसली.

"श्वेते, इचार तिला. हा कोण?" जानेवारीतल्या एका नावावर बोट.

भाऊ. तोच, बगळ्याच्या गोष्टी ऐकून झोपणारा. आता नातवंडांचा आजोबा.

"हा? फुली कशाला?"

"जे गेले त्यांच्यापुढे फुली, आजी. हे तिचे डॅडी." श्वेता विचारून विचारून सांगत होती. पाण्याचं दार सांभाळणारे. मार्चमध्ये बाउके, फुली. मे महिन्यात नवरा, फुली. सासूबाई एकेक पान उलटत होत्या, एकेकाचं विचारत होत्या. काय काम करायचा, कशानं गेला, मुलं किती. तिनेके आधी थोडक्यात सांगत होती, मग सांगतच सुटली. बाउकेनं मरायच्या आदल्या आठवड्यात फोन करून सांगितलं होतं, तू म्हणत होतीस ते खरं होतं, चोच लांबच झाली होती. ते सांगताना ती रडली. सासूबाईंनी पदरानं तिचं नाक पुसलं, श्वेताचं पुसतात तसं, जरा जोरात.

मग ऑक्टोबर.

सासूबाई त्या नावाकडे बघत राहिल्या. "वेलांटी चुकली होती वाटतं," त्या श्वेताला म्हणाल्या.

"मी फिक्स केली, आजी."

"रश्मी, सांग हिला. हे सारे तिचे. तिनं कुठं पण लावावेत, मी बोलणार नाही. पण माझं नाव मी सांगीन तिथंच ऱ्हाईल. कात्री माग."

"आई..."

"माग."

मी मागितली. तिनेकेनं एकदा माझ्याकडे, एकदा कॅलेंडरकडे बघितलं. तीस वर्षं भांडून काढून घेतलेल्या चित्रांचं ते कॅलेंडर. मग उठली, ड्रॉवरमधून कात्री आणली आणि दांड्याकडून पुढे केली.

सासूबाईंनी तेरा तारखेची पट्टी कापली. सावकाश, बगळ्याला धक्का न लावता. चौकोनी तुकडा हातात आला. पानाला खिडकी पडली, तिच्यातून मागचा नोव्हेंबर दिसायला लागला. तिनेके त्या भोकाकडे बघतच राहिली.

सासूबाईंनी तुकडा ब्लाऊजमध्ये ठेवला, पर्स ठेवतात तिथे. आणि खुर्चीत न बसता खाली फरशीवर बसल्या, भिंतीला टेकून, कात्री अजून हातात. दमल्या होत्या. राग पुरता गेला नव्हता. तिनेके त्यांच्यासमोर उभी, लांब पाय, वाकलेली मान. दोघी तशाच.

मी टेबलावरचा कागद ओढला. तिनेकेचाच, काहीतरी डचमध्ये टाईप केलेला, मागची बाजू कोरी. श्वेताच्या हातातली पेन्सिल घेतली. "कोणी हलू नका," मी म्हटलं, मराठीतच, आणि दोघींनाही कळलं.

"आता का?" सासूबाई म्हणाल्या.

"आताच. उठा. सावकाश उठा."

"सूड उगवती," त्या म्हणाल्या, आणि डावा हात गुडघ्यावर ठेवला.

शुक्रवारच्या विमानानं ते चित्र गेलं, टाईप केलेल्या पानाच्या पाठीवरचंच. रंगवायलाही वेळ नव्हता. तिनेकेनं बघितलं, चष्मा वर केला, म्हणाली, "गुडघे." बस. एवढंच.

पुस्तक दोन वर्षांनी छापून आलं. ते घेऊन ती दोन हजार सालच्या ऑक्टोबरात परत आली. मधल्या दोन पानांवर आजी जमिनीवरून उठते आहे, एका हातात कात्री, चेहरा रागावलेला. समोर म्हातारा बगळा, ओशाळलेला. प्रकाशकानं विचारलं होतं म्हणे, कात्री कशाला, लहान मुलांचं पुस्तक आहे. तिनेकेनं सांगितलं, कात्रीशिवाय पुस्तक नाही. मुखपृष्ठावर तिच्या नावाखाली माझं. त्याच आकाराच्या अक्षरांत, हे लोकेशनं पट्टी लावून तपासलं.

तेरा ऑक्टोबरला शुक्रवार होता. अकरा वाजता, आठवडाभर आधी ठरवून, ती वर आली. त्यांच्यात ज्याचा वाढदिवस त्याचंच नाही, घरातल्या सगळ्यांचं अभिनंदन करतात. तिनं लोकेशचा हात हलवला. माझा. श्वेताचा. प्रितमचाही, त्यानं तिच्या तळव्यावर चुरमुरे ठेवले. तिच्या संडासात कॅलेंडर तसंच आहे, भोकासकट. म्हणाली, बाकी सगळ्यांची नावं मला वाचावी लागतात. ललिताचं नाही.

लोकेशनं मनमाडला फोन लावून माझ्या हातात दिला. सासूबाईंचा आवाज, मागे कोणाचा तरी रेडिओ.

"आई, पुस्तक आलं. तुम्ही आहात त्यात."

"नाक मोठं काढलं असशील."

"आहे तेवढंच काढलंय. तिनेके पण आली आहे. तुमच्या वाढदिवसाला."

"आली का? काय आणलं?"

"बिस्किटं. स्वतः केलेली. डबा भरून आणलाय."

"कितीक दिली?"

मी टेबलाकडे बघितलं. सगळ्यांपुढे एक एक बिस्कीट. डबा बंद, झाकणावर तिनेकेचा हात.

"एकच, आई."

"तिला सांग," सासूबाई म्हणाल्या, "वाढदिवस माझा हाये. दोन दे म्हणावं."